सीनायच्या मठातील पाहुणा

पवित्र शास्त्राच्या जुन्या हस्तलिखितांविषयी बोलणे निघाले की टिशेनडॉर्फ हे नाव येतेच. आमच्या वाचकांपैकी काहींनी ते उपदेशपीठावरून ऐकले असेल, बहुधा टोपलीच्या गोष्टीसह. त्या गोष्टीकडे आम्ही येऊच.

कॉन्स्टँटिन टिशेनडॉर्फ यांचा जन्म १८ जानेवारी १८१५ रोजी जर्मनीतील सॅक्सनीत लेंगेनफेल्ड या गावी झाला. वडील डॉक्टर होते. लाइपझिग येथे शिकत असता, शुभवर्तमानांवर भरवसा ठेवता येत नाही असे मांडणाऱ्या विद्वानांशी त्यांचा परिचय झाला. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा नव्या कराराची जुन्यात जुनी संहिता शोधून काढावी असा त्यांनी निश्चय केला. पॅरिसमध्ये एक पाचव्या शतकातील ग्रीक शास्त्रलेख होता. बाराव्या शतकात कोणी तो खरडून त्यावर एफ्राइमची प्रवचने लिहिली होती. खालचा पुसट मजकूर तरुण टिशेनडॉर्फ यांनी ओळ न ओळ वाचून काढला, आणि युरोपभर त्यांचे नाव झाले.

मे १८४४ मध्ये कैरोहून उंटांवरून वाळवंट ओलांडून ते सीनाय पर्वताच्या पायथ्याशी संत कॅथरीनच्या मठात पोहोचले. हा ग्रीक ऑर्थोडॉक्स मठ सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने बांधविला. त्या काळी लुटारूंच्या भयाने तटाचा मोठा दरवाजा बंद असे. पाहुण्याने प्रथम शिफारसपत्र वर पाठवावे, मग वरच्या झरोक्यातून सोडलेल्या दोराने त्याला ओढून घेत. मठवासीयांनी त्यांना ठेवून घेतले आणि ग्रंथालय दाखविले.

टिशेनडॉर्फ यांनी पुढे लिहिले की, तेथे एका टोपलीत जाळण्यासाठी टाकलेली चर्मपत्रे त्यांना दिसली, आणि ती ग्रीक जुन्या कराराची फार प्राचीन पाने निघाली. मठवासी ही हकीकत साफ नाकारतात. आम्हालाही ती जशीच्या तशी पटत नाही. चर्मपत्र सहज पेटत नाही, आणि टोपलीत पाने ठेवणे म्हणजे ती टाकून देणे नव्हे. टिशेनडॉर्फ यांना ४३ पाने मिळाली. त्यांचा आनंद पाहून मठवासी सावध झाले व उरलेली पाने त्यांनी दिली नाहीत. ती ४३ पाने आज लाइपझिगमध्ये आहेत.

१८५३ ची दुसरी फेरी जवळजवळ फुकट गेली. १८५९ च्या आरंभी ते तिसऱ्यांदा आले, या वेळी रशियाच्या झारच्या आश्रयाने. परतीची तयारी झाली असता ४ फेब्रुवारीला मठाच्या कारभाऱ्यांनी त्यांना आपल्या खोलीत नेले आणि लाल कापडात बांधलेले एक गाठोडे पुढे ठेवले. त्यात चौथ्या शतकातील शास्त्रलेख होता, आणि त्यात संपूर्ण नवा करार! त्या रात्री ते झोपले नाहीत, दिव्याच्या उजेडात उतरून घेत बसले.

लेख प्रथम कैरोला नेऊन त्याची नक्कल झाली. मग २८ सप्टेंबर १८५९ रोजी टिशेनडॉर्फ यांनी तो छापण्यासाठी उसना घेतला, आणि मठाने मागताच सुरक्षित परत करू अशी पावती सहीनिशी लिहून दिली. लेख परत गेला नाही. त्यांनी तो झारला सादर केला व १८६२ साली त्याची भव्य आवृत्ती छापली. १८६९ साली मठाच्या वतीने दानपत्रावर सह्या झाल्या व ९,००० रूबल पोहोचले. त्या सह्या कितपत खुषीच्या होत्या, हा वाद आजही आहे. त्यांचे ऋण आम्ही प्रॉटेस्टंट लोक आनंदाने मानतो. मार्काचे शुभवर्तमान या लेखात १६ व्या अध्यायाच्या ८ व्या वचनाशी थांबते, ही एकच गोष्ट किती भाषांतरकारांना उपयोगी पडली! पण ऋण दोघांचे आहे. शतकानुशतके ती पाने सांभाळणारे हात टिशेनडॉर्फ यांचे नव्हते.

७ डिसेंबर १८७४ रोजी लाइपझिगमध्ये त्यांचे निधन झाले. १९३३ साली सोव्हिएत सरकारने तो लेख एक लाख पौंडांना ब्रिटिश म्युझियमला विकला. त्यातील बरेच पैसे सामान्य लोकांनी वर्गणीने दिले. आज ती ३४७ पाने लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. १९७५ साली मठातील एक बुजलेली खोली साफ करताना त्याच लेखाची आणखी काही पाने व तुकडे सापडले. ते मठाने स्वतःजवळ ठेवले आहेत, आणि टिशेनडॉर्फ यांनी लिहून दिलेली पावतीही.