कोअर डंपमधला ‘कोअर’ आणि होमी भाभा

परवा रात्री पावणेदोनला वांद्र्याला, बीकेसीतल्या आमच्या ऑफिसात एक सर्व्हिस अडकली. बंद पडली नव्हती, नुसती गप्प बसली होती. सगळ्यांचं एकच म्हणणं, रीस्टार्ट कर. पण रीस्टार्ट केलं की मेमरीतला पुरावा गेला, आणि हे तिसऱ्यांदा होत होतं. म्हणून आधी जीकोर कमांडला प्रोसेस क्रमांक देऊन डंप घेतला. तेवढा वेळ प्रोग्रॅम जागीच थांबतो, त्याची मेमरी फाइलमध्ये उतरते आणि मग तो पुढे चालू लागतो. फाइलचं नाव सुरू होतं ‘कोअर’पासून.

हा कोअर म्हणजे फेराइटची बारीकशी कडी. एका कडीत एक बिट. तारांत ओवलेल्या अशा कड्यांची मेमरी मुंबईतही बनली, आणि ती बनली होमी भाभांच्या संस्थेत. आपण त्यांना फक्त अणुऊर्जेसाठी ओळखतो, हे मला जरा खटकतं.

३० ऑक्टोबर १९०९ ला मुंबईत जन्म. घरच्यांना मुलगा इंजिनिअर होऊन टाटांच्या पोलाद कारखान्यात जायला हवा होता. केंब्रिजला त्यांनी मेकॅनिकल पूर्ण केलं खरं, पण मन लागलं भौतिकशास्त्रात. १९३९ मध्ये सुट्टीवर भारतात आले, तेवढ्यात महायुद्ध पेटलं आणि ते इथलेच झाले. आधी बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मग १९४५ मध्ये टाटांच्या मदतीने टीआयएफआर.

या संस्थेत १९५० च्या दशकात त्यांनी कॉम्प्युटर इथेच बांधायला पाठबळ दिलं. आर. नरसिंहन यांच्या गटातल्या बहुतेकांनी तोवर कॉम्प्युटर वापरलासुद्धा नव्हता! १९५६ ला छोटं चाचणी-यंत्र झालं, १९६० ला पूर्ण टिफरॅक. मेमरी किती? ४० बिटांचे २,०४८ शब्द. म्हणजे ८१,९२० कड्या, आजच्या हिशेबात १० केबी. माझा परवाचा डंप ६ जीबीचा होता.

गंमत म्हणजे कडीतला बिट वाचला की पुसला जायचा, लगेच परत लिहावा लागायचा. वीज गेली तरी मात्र तो टिकायचा. आपल्या रॅमचं नेमकं उलटं! त्या काळी बिघाड शोधायला अशी मेमरी कागदावर छापून काढत, तोच कोअर डंप. पुढे चिप आल्या, कड्या गेल्या, नाव राहिलं.

२४ जानेवारी १९६६ ला व्हिएन्नाच्या बैठकीला जाताना भाभांचं विमान माँ ब्लाँ पर्वतावर कोसळलं. वय ५६.

आमचा डंप सकाळी जीडीबीत उघडला. दोन थ्रेड एकमेकांच्या लॉकची वाट बघत बसले होते. दुरुस्ती चार ओळींची निघाली. तुम्ही डंप घ्याल तेव्हा आधी डिस्कवर जागा बघा, आणि फाइल कुणाला पाठवू नका. त्यात पासवर्डही असतात.