नगरची विद्यार्थिनी

बँकेच्या नोकरीत मी नगरला होतो. सावित्रीबाई फुले अध्यापनाचे धडे गिरवायला याच गावी मिस फरारबाईंकडे आल्या होत्या, हे मला तिथे कळले. १८४८ मध्ये जोतीरावांसह पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या या बाईंनी १८६३ मध्ये त्यांच्यासह राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसवल्या गेलेल्या कोवळ्या विधवांची बाळंतपणे तिथे निभावली. काशीबाईचा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. १८९७ च्या प्लेगात रुग्णसेवा करता करता त्या गेल्या.

आज बालगृहांना, वसतिगृहांना आपण कुंपण घालतो; मुलामुलींना शरीराची माहिती द्यायला मात्र कचरतो. वाचकहो, अकाली मातृत्व कुंपणाने टळत नाही. वेळीच नीट सांगणारे, न रागावता ऐकून घेणारे वडीलधारे माणूस त्यांच्याजवळ हवे.