नृत्याला नवं वस्त्र देणाऱ्या रुक्मिणीदेवी

डिसेंबर उजाडला की घरोघरी स्नेहसंमेलनाचे वारे वाहू लागतात. त्यातून मुलगी भरतनाट्यम शिकत असेल तर आईची धावपळ विचारूच नका. पोशाख पायजम्याचा घ्यायचा की साडीसारखा? सॅटिनचा चालेल की रेशमीच हवा? भाड्याने आणायचा की शिवून घ्यायचा? आमच्या महिला मंडळाचा शिवणवर्ग मी बघते, त्यामुळे हे प्रश्न दरवर्षी माझ्यापर्यंत येतात. मी स्वतः कधी नाचले नाही. पण निऱ्यांचे ते पंखे शिवता शिवता मनात यायचं, हा पोशाख पहिल्यांदा कुणाला सुचला असेल? देवळातल्या मूर्तींच्या अंगावर असतो तसाच दिसतो, म्हणजे हजार वर्षांचा असणार, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आज आपल्या मुली घालतात तो शिवलेला पोशाख शंभर वर्षांचाही नाही. आणि तो घडवण्याचं मोठं श्रेय एका बाईला दिलं जातं. त्या म्हणजे रुक्मिणीदेवी अरुंडेल.

रुक्मिणीदेवींचा जन्म २९ फेब्रुवारी १९०४चा, मदुराईचा. चार वर्षांतून एकदा वाढदिवस! वडील नीलकंठ शास्त्री इंजिनीअर होते. घर ब्राह्मणी वळणाचं, पण वडिलांवर थिऑसॉफीच्या विचारांचा प्रभाव होता. निवृत्तीनंतर ते मद्रासजवळ अड्यार इथे राहायला आले. तिथेच थिऑसॉफिकल सोसायटीचं मुख्य ठाणं होतं. त्यामुळे ॲनी बेझंट यांच्यासारख्या बाईंचा सहवास रुक्मिणीला लहानपणीच मिळाला. याच परिसरात जॉर्ज अरुंडेल या इंग्रज शिक्षणतज्ज्ञांशी तिची ओळख झाली आणि १९२० साली दोघांनी लग्न केलं. ती सोळा वर्षांची, ते तिच्याहून पंचवीस वर्षांनी मोठे, त्यात परधर्माचे आणि परदेशी. मद्रासमध्ये केवढा गहजब उडाला असेल, याची कल्पना आपण करू शकतो. पण लोक काय म्हणतील याला न घाबरण्याचा सराव त्यांना तिथेच झाला असावा, असं मला वाटतं. पुढे तो फार उपयोगी पडला.

नवऱ्याबरोबर त्या जगभर फिरल्या. १९२८ साली प्रसिद्ध रशियन बॅले नर्तिका ॲना पावलोव्हा मुंबईत आल्या होत्या. त्यांचा कार्यक्रम अरुंडेल पतिपत्नींनी आपल्या मुंबईतच पाहिला. पुढे ऑस्ट्रेलियाला जाताना योगायोगाने दोघींची बोट एकच निघाली आणि बोटीवर मैत्री जमली. रुक्मिणीदेवी पावलोव्हांच्या चमूतल्या क्लिओ नॉर्डी यांच्याकडे बॅले शिकू लागल्या. पण आपल्या मातीतलं नृत्य शोध, अशी दिशा त्यांना दाखवली ती पावलोव्हांनीच. आपल्याकडचं सोनं आपल्याला परक्याने दाखवावं लागतं, हे काही नवं नाही!

हे सोनं तेव्हा कुठल्या अवस्थेत होतं? भरतनाट्यमला त्या वेळी सदिर म्हणत. देवळात आणि दरबारात देवदासी घराण्यातल्या स्त्रिया ते पिढ्यान्‌पिढ्या जपत आल्या होत्या. इथे एक गोष्ट मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी आहे. तंजावरला भोसल्यांचं राज्य होतं. तिथल्या सरफोजीराजांच्या, म्हणजे दुसऱ्या सरफोजींच्या, दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. आज भरतनाट्यमचा कार्यक्रम ज्या क्रमाने होतो, त्याची घडी या चौघांनी बसवली. पण इंग्रजी अमलात राजाश्रय गेला. देवदासींच्या शोषणाविरुद्ध चळवळ उभी राहिली. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्यासारख्या स्त्रियांनी त्यासाठी जिवाचं रान केलं, आणि ते गरजेचंही होतं. मात्र प्रथेबरोबर कलाही बदनाम झाली. चांगल्या घरातल्या मुलीने सदिर पाहायलाही जाऊ नये, अशी वेळ आली. ई. कृष्ण अय्यर नावाचे वकील तर ही कला वाचावी म्हणून स्वतः स्त्रीवेशात नाचत.

१९३३ साली मद्रासच्या म्युझिक अकादमीत रुक्मिणीदेवींनी सदिर पहिल्यांदा पाहिलं आणि त्या भारावून गेल्या. तेव्हा त्यांचं वय होतं एकोणतीस. आपल्याकडे या वयात बाई मुलांच्या शाळाप्रवेशाच्या रांगेत उभी असते! त्यांनी शिकायला सुरुवात केली. आधी मैलापूर गौरी अम्मांकडे, ज्या स्वतः देवदासी परंपरेतल्या होत्या, आणि मग पंदनल्लूरच्या मीनाक्षीसुंदरम पिल्लई गुरुजींकडे. हे गुरुजी तंजावरच्या त्या चार भावांच्याच घराण्यातले. डिसेंबर १९३५मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या हीरकमहोत्सवी अधिवेशनात रुक्मिणीदेवी लोकांसमोर नाचल्या. ब्राह्मण घरातल्या, नाव असलेल्या एका विवाहित बाईने सदिर करणं ही तेव्हा वादळ उठवणारी गोष्ट होती.

आता आपल्या विषयाकडे येते. रंगमंचावर उभं राहायचं, तर अंगावर काय घालायचं?

त्या काळी नर्तकी पायजम्यावरून भरजरी साडी नेसून, अंगभर जड दागिने घालून नाचत. भरतनाट्यममध्ये गुडघे दोन्ही बाजूंना वळवून अर्धं बसायचं असतं. त्याला अरमंडी म्हणतात. सगळ्या नाचाचा हा पाया. पाय कसे वळलेत, पाठ ताठ आहे की नाही, हे साडीच्या घोळात पुरेसं दिसत नाही. आपल्या नऊवारीचं उदाहरण घ्या. कासोटा मारला की बाईला शेतात, घाटावर, कुठेही झपाझप चालता येतं. वस्त्राने पाय मोकळे ठेवावेत आणि अब्रूही राखावी, ही गरज तीच. रुक्मिणीदेवींनी देवळातली शिल्पं बारकाईने पाहिली, बॅलेच्या पोशाखांची शिस्त त्यांना ठाऊक होतीच, आणि एका इटालियन शिवणकाम जाणणाऱ्या बाईंची मदत घेऊन त्यांनी साडीच कापून शिवून घेतली. अंगाबरोबरचं पोलकं, वरून चुणीदार पदर, पायजमा, आणि दोन पायांच्या मध्ये निऱ्यांचा पंखा. मुलगी सरळ उभी राहिली की पंखा मिटलेला, अरमंडीत बसली की उघडणारा. म्हणजे पाय नीट वळले की नाही, याची साक्ष पोशाखच देतो! शिवणाऱ्या बाईला या कल्पनेचं कौतुक वाटल्याशिवाय राहणार नाही.

त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. जानेवारी १९३६मध्ये अरुंडेल दांपत्याने अड्यारला कलेची संस्था काढली, तीच पुढे कलाक्षेत्र म्हणून नावारूपाला आली. आणि लगेच पुढच्या वर्षी, १९३७ साली, तिथे हातमाग बसवले. नाचाच्या शाळेत माग कशाला, असा प्रश्न पडेल. पण त्यांना हवे तसे रंग, हवे तसे रुंद काठ बाजारात मिळेनात. जुन्या साड्यांचे नमुने शोधून ते पुन्हा विणले जाऊ लागले. आज कलाक्षेत्र साडी म्हणून जी ओळखली जाते, तिचं मूळ इथलं. एका नृत्यामुळे विणकरांच्या हातालाही काम मिळालं. रोजच्या सरावाला मात्र विद्यार्थिनींना साधी सुती साडी, पायजम्यावरून आखूड नेसलेली. झगमगाट रंगमंचापुरता, तोही बेताचा.

१९४५ साली पतीचं निधन झालं. तरी काम थांबलं नाही. पुढे अड्यारची जागा सोडावी लागली, तेव्हा समुद्राजवळ तिरुवान्मियूरला सुमारे शंभर एकरांवर त्यांनी संस्था पुन्हा उभी केली. रामायणावरची नृत्यनाट्यमालिका बसवली. यामिनी कृष्णमूर्ती, सी. व्ही. चंद्रशेखर, लीला सॅमसन असे कलावंत तिथे घडले. १९५२मध्ये त्या राज्यसभेवर नियुक्त झाल्या. प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये म्हणून त्यांनी खासगी विधेयक मांडलं, आणि त्यातूनच पुढे १९६०चा सरकारी कायदा आला. १९५६मध्ये पद्मभूषण मिळालं. १९७७मध्ये मोरारजी देसाईंनी त्यांना राष्ट्रपतिपदासाठी विचारलं, तर त्यांनी नम्रपणे नकार दिला. २४ फेब्रुवारी १९८६ला त्या गेल्या. १९९३च्या कायद्याने कलाक्षेत्राला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला.

एवढं सगळं वाचून मी भारावले, तरी एक गोष्ट मनात टोचत राहते आणि ती लपवणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. रुक्मिणीदेवींनी नृत्याला प्रतिष्ठा दिली, हे खरं. पण ज्या स्त्रियांनी ते शतकानुशतकं सांभाळलं, त्यांच्या वाट्याला ती किती आली? मध्यमवर्गीय मुलींसाठी दार उघडलं, तेव्हा देवदासी घराण्यातल्या अनेकजणी मागच्या मागे बाहेर पडल्या. त्याच परंपरेतल्या थोर नर्तिका बालसरस्वती शेवटपर्यंत साडी नेसून नाचल्या. नृत्यातला शृंगार गाळून ते शुद्ध करायचं, हे त्यांना मुळीच मान्य नव्हतं. दोघींपैकी कोण बरोबर, याचा निवाडा करणारी मी कोण? पण पोशाख हे नुसतं कापड नसतं, आत कोण येणार आणि बाहेर कोण राहणार हेही तो ठरवतो, एवढं मला या गोष्टीतून कळलं.

आणि हे आजही घडतं. आमच्या जवळच्या वस्तीत धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या एका बाईंची मुलगी तीन वर्षं नियमाने भरतनाट्यम शिकत होती. पाय असा पडायचा की बघत राहावं. एका वर्षी कार्यक्रमासाठी सामानाची यादी आली. अमुकच दुकानातला रेशमी पोशाख, कमरपट्टा, डोक्यावरचे दागिने, मेकअपचे पैसे वेगळे. मुलीने घरी यादी दाखवलीच नाही. पोटात दुखतं म्हणून वर्गाला जाणं बंद केलं. आईला वाटलं, पोरीचं मन उडालं. खरा प्रकार कळायला महिना गेला. मग आमच्या शिवणवर्गातल्या बायकांनी रुंद काठाची एक सुती साडी घेतली, मापं घेतली आणि दोन दुपारी बसून पोशाख शिवला. तिच्या नृत्याच्या बाईही समजूतदार, त्यांनी हरकत घेतली नाही. मुलगी नाचली. दिव्याखाली तो काठ इतका उठून दिसला, की सुती की रेशमी हे विचारायला कुणी आलं नाही. सुती साडीत सराव करून घेणाऱ्या रुक्मिणीदेवींना हे नक्की आवडलं असतं.

म्हणून आयांनो, चार अनुभवाच्या गोष्टी सांगते. पहिली दोन वर्षं सरावाच्या सुती साडीपलीकडे काही घेऊ नका. पोशाख शिवताना माप मुलीला अरमंडीत बसवून घ्या, उभं करून नाही. पंखा आखूड झाला तर ताणतो, लांब झाला तर पायात येतो. सॅटिन चमकतं खरं, पण निऱ्या धरत नाही आणि घाम टिपत नाही, आत सुती अस्तर हवंच. वाढत्या अंगाची मुलगी आहे, तेव्हा शिलाईत भरपूर माया ठेवा, दोन वर्षं सहज जातील. हुकांबरोबर नाडीही लावा, म्हणजे ऐन वेळी धांदल होत नाही. जुना पोशाख धुऊन, उसवलेलं शिवून दुसऱ्या मुलीला द्या. घुंगरू कधी बांधायचे, ते मात्र गुरूंना ठरवू द्या. आणि पैसे नाहीत म्हणून वर्गातली एखादी मुलगी अचानक दिसेनाशी झाली, तर तिच्या घरी एकदा जाऊन या.

रुक्मिणीदेवींनी पोशाख बदलला तो मुलींना मोकळेपणाने आणि मानाने नाचता यावं म्हणून. त्याच पोशाखाच्या किमतीपायी एखादीचा नाच थांबला, तर त्यांचं काम आपण उलटं केलं असं होईल. कापड साधं असलं तरी चालेल, नाचणारी मुलगी मात्र रंगमंचावर असायला हवी.