कापरेकर गुरुजी आणि ६१७४

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. त्यांचे वडील कारकून होते. वडिलांना ज्योतिषाचा नाद, त्यामुळे घरात आकडेमोड चालायची. दत्तात्रेय आठ वर्षांचे असताना आई वारली. मग वडिलांनीच त्यांना वाढवले. त्यांची शाळा ठाण्याला झाली, कॉलेज पुण्याला फर्ग्युसनमध्ये. तिथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे बक्षीस मिळाले. १९३० पासून १९६२ पर्यंत ते नाशिकजवळ देवळालीला शाळेत मास्तर होते.

शाळा सुटली की गुरुजी आकड्यांशी खेळत बसायचे. १९४६ साली त्यांना ६१७४ ही संख्या सापडली. तिची गंमत अशी. कोणतीही चार आकडी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. त्या अंकांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करा व वजाबाकी करा. आलेल्या उत्तराचे परत तसेच करा. आपण गुरुजींचे जन्मसाल १९०५ घेऊ.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता पुढे कितीही करा, ६१७४ च येणार! कोणतीही संख्या घेतली तरी जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ येतेच. मी पुष्कळ करून बघितल्या. शून्य असेल तर ते सोडायचं नाही आणि हातचा विसरायचा नाही, नाहीतर गाडी भलतीकडेच जाते.

६१७४ च्या अंकांची बेरीज १८ होते आणि १८ ने ६१७४ ला पूर्ण भाग जातो. अशा संख्यांना गुरुजींनी हर्षद हे नाव दिले. हर्षद म्हणजे आनंद देणारा.

त्यांची आणखी एक मोठी संख्या आहे. नऊ वेळा १ लिहा आणि त्या संख्येला तिनेच गुणा. उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१. मोजा, सतरा अंक आहेत! उलटं वाचलं तरी तेच. अशा संख्यांना ते डेम्लो संख्या म्हणत, कारण त्या त्यांना डेम्लो स्टेशनवर सुचल्या. आता त्याला डोंबिवली म्हणतात.

पण मोठमोठ्या गणितवाल्यांना हा पोरखेळ वाटे. गुरुजींनी एम. एस्सी. केले नव्हते. ते आपल्या पगारातून पैसे घालून छोटी पुस्तके छापत आणि परिषदांना जात. १९४९ साली मद्रासच्या परिषदेत त्यांनी ६१७४ बद्दल सांगितले. १९६६ साली त्यांची पत्नी वारली. पेन्शन पुरेना म्हणून म्हातारपणी ते शिकवण्या घेत. मग १९७५ साली अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी एका मोठ्या मासिकात त्यांच्यावर लिहिले आणि सगळ्या जगाला देवळालीचे मास्तर माहीत झाले. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते!

१९८६ साली गुरुजी वारले. १९८६ ची वजाबाकी मी केली, सहा वेळात ६१७४ आली. खाली जागा कोरी ठेवली आहे. पालकांनीही आपले जन्मसाल घालून वजाबाकी करावी. पेन्सिल दोऱ्याला बांधली आहे.