पोरांच्या वर्गात बसलेले संत

येत्या ३१ जुलैला संत इग्नेशियस लोयोला यांचा सण. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि हा स्पॅनिश सरदार देवाकडे वळला, हे आपण प्रवचनांतून ऐकतो. त्यांच्या शिक्षणाविषयी मात्र क्वचितच ऐकतो.

लोकांना देवाकडे न्यायचे तर आधी स्वतः शिकायला हवे, असे त्यांनी ठरवले. १५२४ साली, तिशी उलटल्यावर, बार्सिलोनात ते लॅटिन व्याकरण घोकू लागले. पाठांतर करताना प्रार्थनेचे गोड विचार येत. प्रार्थनेला बसल्यावर मात्र तसे येत नसत! हा मोहच आहे, हे त्यांनी ओळखले आणि वर्ग न चुकवण्याचे वचन शिक्षकांना दिले. आम्हाला तर अभ्यास टाळायला कोणतीही सबब पुरते.

१५२८ साली ते पॅरिसला गेले. खर्चासाठी सुट्टीत फ्लँडर्सला जाऊन भिक्षा मागत. सेंट बार्ब कॉलेजात पंधरा वर्षांनी धाकट्या पीटर फेबरने त्यांना तत्त्वज्ञानाच्या अभ्यासात मदत केली. ईशज्ञान ते डॉमिनिकन धर्मगुरूंकडे शिकले. गुरुदीक्षा मिळाली १५३७ साली, पंचेचाळिशी उलटल्यावर. त्याच खोलीतले तिसरे विद्यार्थी फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात उतरले.