डावे-उजवे रेणू आणि लुई पाश्चर
रेबीजची लस आणि दुधाचे पाश्चरीकरण यांमुळे लुई पाश्चर हे नाव घरोघरी पोहोचले. मात्र त्यांच्या कर्तृत्वाचा आरंभ झाला तो मद्याच्या पिंपात साचणाऱ्या टार्टारिक आम्लाच्या अभ्यासातून.

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील डोल या गावी झाला. वडील कातडी कमावण्याचा व्यवसाय करीत. पॅरिसमध्ये शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांच्यासमोर एक कोडे आले. टार्टारिक आम्लाचे द्रावण ध्रुवित प्रकाश उजवीकडे वळवी. त्याच घटकांचे रेसमिक आम्ल मात्र प्रकाशावर काहीच परिणाम करीत नसे. १८४८ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, पाश्चर यांना रेसमिक आम्लाच्या क्षारात दोन प्रकारचे स्फटिक आढळले. दोन्ही एकमेकांची आरशातील प्रतिबिंबेच! त्यांनी ते एकेक करून वेगळे केले. एका ढिगाचे द्रावण प्रकाश उजवीकडे वळवी, दुसऱ्याचे डावीकडे. वयोवृद्ध शास्त्रज्ञ बियो यांनी हा प्रयोग स्वतःसमोर करवून घेतला, तेव्हाच त्यांची खात्री पटली.

स्फटिक हाताने निवडणे हे अतिशय किचकट काम होते. पण पुढील दशकात पाश्चर यांना निसर्गाचाच निवडणारा हात गवसला. रेसमिक आम्लाच्या द्रावणात वाढणारे सूक्ष्मजीव त्यातील उजवे रेणू फस्त करीत आणि डावे तसेच ठेवीत. १८६० साली पेनिसिलियम ग्लॉकम या बुरशीच्या साहाय्याने त्यांनी हेच दाखवून दिले.

१८६८ साली अर्धांगवायूच्या झटक्याने त्यांची डावी बाजू दुर्बल झाली, तरी संशोधन थांबले नाही. एका मतावर मात्र ते अखेरपर्यंत ठाम राहिले. किण्वनासाठी जिवंत पेशी हवीच, असे ते मानीत. २८ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचे निधन झाले आणि अवघ्या दोन वर्षांनी, १८९७ मध्ये, एडुआर्ड बुखनर यांनी यीस्टच्या पेशीविरहित रसाने साखरेचे किण्वन घडवून ते मत खोडून काढले. निवड करणारे होते ते पेशीतील एन्झाइम, म्हणजेच विकर.

हा फरक केवळ तात्त्विक नव्हता. औषधाचा एक रेणू गुणकारी, तर त्याचे प्रतिबिंब निरुपयोगी किंवा अपायकारक ठरू शकते. पाश्चर यांच्या बुरशीला मिश्रणातील अर्धा भाग गमवावा लागे. विकर पेशीबाहेर वापरता येऊ लागल्यावर हवा तोच रेणू मुळातून घडवणे शक्य झाले. मधुमेहावरील सिटाग्लिप्टिन या औषधासाठी असे सुधारित विकर घडवल्याचे २०१० साली जाहीर झाले. त्यामुळे ऱ्होडियम हा महागडा धातू आणि उच्च दाबाची प्रक्रिया यांची गरज उरली नाही. विकरांत असे इष्ट बदल घडवण्याच्या तंत्रासाठी फ्रान्सिस अरनॉल्ड यांना २०१८ साली नोबेल पुरस्कार मिळाला.

स्वतः पाश्चर यांनी जी वाट नाकारली, तिच्या मुखाशी विज्ञानाला आणून सोडले होते तेही पाश्चर यांनीच.