‘किस्मत’चा लाडका चोर

नायक म्हणजे सद्गुणांचा पुतळा, हा हिंदी पडद्यावरचा संकेत १९४३ मध्ये ‘किस्मत’ने मोडला. तो मोडणारे अशोककुमार मुळात अभिनेता होण्यास राजीच नव्हते.

भागलपूर येथे १३ ऑक्टोबर १९११ रोजी जन्मलेले कुमुदलाल गांगुली मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये दाखल झाले ते प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून. ‘जीवन नैया’चा नायक ऐनवेळी बदलावा लागला, तेव्हा हिमांशू राय यांनी या संकोची तरुणाला कॅमेऱ्यासमोर उभे केले. १९३६ मध्ये तो चित्रपट झळकला आणि पाठोपाठ ‘अछूत कन्या’ने त्यांचे नाव सर्वतोमुखी केले.

ज्ञान मुखर्जी दिग्दर्शित ‘किस्मत’मधील शेखर सराईत खिसेकापू. पोलिसांना चुकवीत तो पायाने अधू झालेल्या राणीच्या घरी आश्रय घेतो, तिच्यावर जीव जडवतो आणि तिच्या शस्त्रक्रियेच्या पैशांसाठी पुन्हा चोरीच करतो. गुन्हेगारीचे उदात्तीकरण केल्याची टीका झाली. पण कलकत्त्याच्या रॉक्सी चित्रपटगृहात हा चित्रपट तीन वर्षांहून अधिक काळ चालला. नाटकी आविर्भाव टाळून अशोककुमार यांनी साकारलेला हा चोर प्रेक्षकांना आपला वाटला. ‘आवारा’च्या (१९५१) राजूसारख्या नायकांची वाट त्यानेच मोकळी केली.

‘आशीर्वाद’साठी (१९६८) राष्ट्रीय पुरस्कार आणि पुढे दादासाहेब फाळके पुरस्कार लाभलेल्या दादामुनींचे १० डिसेंबर २००१ रोजी मुंबईत निधन झाले. अनिच्छेने स्वीकारलेल्या व्यवसायाला त्यांनी सहा दशके दिली.